दादाचा वाकडा दात

पन्नाशी उलटली तरी घरात तो धाकटाच होता. दादा त्याला ‘धाकट्या’ म्हणायचा, वहिनी ‘भाऊजी’ म्हणायच्या आणि बाकीचे लोक ‘दातवाले’.

तो डॉक्टर नव्हता. डॉक्टर दात उपटतात. उपटल्यानंतर तिथे जे बसवायचं ते धाकटा बनवायचा. वह्या-पेनांच्या एका दुकानावर त्याची दोन खोल्यांची लॅब होती. पुढच्या खोलीत कामाचा ओटा, पॉलिशची मोटर, मेण वितळवायची शेगडी आणि प्लास्टरचं पिंप. मागच्या खोलीत भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर लोकांचे जबडे, म्हणजे प्लास्टरचे पांढरे साचे, रांगेत आ वासून बसलेले. नवा माणूस आत आला की दचकायचा. धाकट्याला मात्र त्यांची सोबत वाटायची. “एवढी तोंडं आहेत, पण उलट बोलणारं एक नाही,” असं तो म्हणायचा. त्याने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे या वाक्याला लोक जरा जास्तच हसायचे.

त्याच्या कामात थांबणं फार. प्लास्टर घट्ट होईपर्यंत थांबा, मेण गार होईपर्यंत थांबा, उकळत्या पाण्यात कवळी पिकून टणक होईपर्यंत थांबा. या थांबण्यात तो आधी वाचायला लागला आणि मग लिहायला. राजवाड्यातले खून, भर समुद्रातली वादळं, आगगाडीत भेटलेली गूढ बाई, असं बरंच काही लिहून झालं. राजवाडा त्याने पाहिला नव्हता आणि समुद्रात तो घोट्याच्या वर कधी शिरला नव्हता. कथा जिथे पाठवाव्यात तिथून इमानदारीने परत यायच्या. शेवटी वैतागून त्याने स्वतःला पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट लिहिली आणि ग्रंथालयाच्या कथास्पर्धेत टाकून दिली. हीसुद्धा परत येणार याची खात्री होती, म्हणूनच तिच्यात सगळं खरं लिहिलं.

तिथेच घात झाला.

मोटरच्या आवाजात फोन ऐकू येत नाही म्हणून कुठेही नंबर द्यायची वेळ आली की धाकटा दादाचा नंबर देई. स्पर्धेलाही सवयीने तोच दिला होता. दादा बसच्या आगारात कंट्रोलर होता. कुठली बस कधी सुटणार, कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर जाणार, हे सगळं त्याच्या शिट्टीवर चाले. त्या संध्याकाळी तो घरात शिरला तो शिट्टी वाजवतच.

“आगार घरी आणलंत की काय?” वहिनी आतून ओरडल्या.

“धाकट्या, खाली ये!” दादाने जिन्यात तोंड घालून पुन्हा शिट्टी मारली. धाकटा वरच्या खोलीतून धडपडत उतरला. “अगं, याला आधी पाणी दे. तुझा दीर लेखक झाला!”

“कोण, भाऊजी?”

“मग काय शेजारचे? ग्रंथालयाच्या सचिवबाईंचा फोन होता. कथास्पर्धेच्या अंतिम फेरीत पाच जण निवडलेत, त्यात हा आहे. मी म्हटलं, बाई, नाव पुन्हा एकदा बघा, आमचा हा दात करतो. त्या म्हणाल्या, हो हो, तेच ते, दातवाले!”

धाकट्याने भिंतीला हात टेकला.

“येत्या रविवारी पाचही जणांनी आपापली कथा व्यासपीठावरून वाचायची. सगळ्यांसमोर. मी बाईंना सांगून टाकलंय, पुढची रांग आमच्या आगाराची. मोकळे असतील ते सगळे ड्रायव्हर-कंडक्टर घेऊन येतो.”

“सगळे कशाला, दादा?”

“का? नंतर उरलेल्यांनी माझं डोकं खायचं? आगारातल्या फळ्यावर खडूनं लिहूनही आलो.” दादाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “तोंड असं का केलंस? कुणाची कवळी गिळलीस काय?”

“नाही. जरा... एकदम कळलं ना.”

“कशावर आहे रे गोष्ट?”

“एका माणसावर.”

“माणसावरच असणार! बसवर कोण गोष्ट लिहितं? आणि लिहिलीसच तर आमच्या सात नंबरवर लिही. चांगले टोणगे ड्रायव्हर रडवलेत त्या गाडीनं.” एवढं बोलून दादा मोठ्याने हसला, आणि हसताना त्याचा वाकडा दात दिसला.

तो दात बघून धाकट्याने नजर खाली वळवली. कारण गोष्ट त्या दातावर होती.

दादाचा वाकडा दात आगारात प्रसिद्ध होता. वरच्या ओळीत, पुढच्या दोन दातांच्या उजवीकडचा, शेजाऱ्याच्या खांद्यावर चढून बसल्यासारखा तिरका. नवीन कंडक्टर लागला की जुने त्याला पहिला धडा हाच देत, की साहेबांचा वाकडा दात दिसला तर रजेचा अर्ज खुशाल पुढे करावा. नाही दिसला तर गपचूप गाडीत जाऊन बसावं. इतकी वर्षं लोक त्या दाताकडे बघून रजा मागत होते, आणि तो दात खोटा होता. वरची सगळीच ओळ खोटी होती.

ऐन चाळिशीत दादाच्या हिरड्या बिघडल्या. डॉक्टर म्हणाले, वरचे सगळे काढावे लागतील. वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. दादाने कॉलेज सोडून खांद्याला तिकिटांची पिशवी लावली होती आणि धाकट्याला शिकवलं होतं. त्या दिवसापर्यंत धाकट्याने दादाला कशालाच भिताना पाहिलं नव्हतं. दात काढायच्या गोष्टीला मात्र तो भ्यायला. दुखण्याला नाही, हसण्याला. “मी शिट्टी फुंकली आणि कवळी बाहेर आली तर? उद्यापासून मला कोण विचारील?” दात काढण्याआधी धाकट्याने त्याच्या तोंडाचं माप घेतलं, आणि काढले त्या रात्री जागून नवी कवळी केली, सकाळी बसवली. आगारात सांगितलं, ताप होता. दादाने दोनच गोष्टी मागितल्या होत्या. “वाकडा दात तसाच वाकडा पाहिजे. आणि तू, मी आणि तुझी वहिनी सोडून हे चौथ्या माणसाला कळता कामा नये. माझ्या डोक्यावर हात ठेव.” धाकट्याने ठेवला होता.

दादाची कवळी ढिली झाली की तो धाकट्याकडे यायचा, पण लॅबचा पुढचा जिना कधी चढला नाही. सगळी सामसूम झाली की मागच्या अंधाऱ्या जिन्याने यायचा, कवळी काढून ओट्यावर ठेवायचा आणि ती परत तोंडात जाईपर्यंत तोंडावर रुमाल धरून बसायचा. त्या वेळात एक शब्द बोलायचा नाही. जे काय सांगायचं ते खुणेने.

आता हे सगळं ग्रंथालयाच्या सभागृहात, आगाराच्या रांगेपुढे वाचायचं होतं. गोष्टीत दादाचं नाव नव्हतं, आगारही नव्हतं. माणूस एका कारखान्यात मुकादम होता. पण वाकडा दात होता तिथेच होता, उजवीकडे, शेजाऱ्याच्या खांद्यावर. धाकट्याने लिहिताना तो बदलून पाहिला होता. दाताऐवजी चामखीळ दिली, कपाळावर व्रण दिला. जमलं नाही. आयुष्यभर साच्यात जसं आहे तसंच मेणात उतरवायची सवय लागलेली. खोटी चामखीळ लिहिताना त्याचा हात अडखळायचा. मुकादम झाकता आला, दात झाकता आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ग्रंथालयात फोन केला.

“मला माझं नाव मागे घ्यायचं आहे.”

“असं कसं?” सचिवबाई म्हणाल्या. “पाचही कथांची पुस्तिका छापायला गेली. रविवारी दारातच वाटणार आहोत. आणि तुम्ही नाही आलात तर तुमची कथा आमचे नाट्यशाखेचे एक जण वाचतील. त्यांचा आवाज फार चांगला आहे, अगदी शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो.”

“एक वाक्य बदलता येईल का?”

“कुठलं?”

धाकट्याने फोन ठेवला. कुठलं ते सांगायची त्याची छाती झाली नाही.

तो वहिनींकडे गेला. त्या गच्चीत वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्याने अडखळत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या हातातला दादाचा खाकी शर्ट चुरगळून गेला.

“भाऊजी, हे काय करून बसलात तुम्ही?”

“मला वाटलं, परत येईल गोष्ट.”

“अहो, ते माझ्यासमोरसुद्धा कवळी काढत नाहीत. आतून कडी लावून धुतात. एवढी वर्षं संसार केला, पण ते तोंड मी एकदाही पाहिलं नाही. आणि तुम्ही ते ड्रायव्हरांना दाखवणार?”

“म्हणून तर तुमच्याकडे आलो. तुम्ही सांगता का दादाला?”

“मी?” वहिनी हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. “दात तुम्ही केलेत, गोष्ट तुम्ही केलीत, आता ओरडा मी खायचा? आपलेच दात नि आपलेच ओठ, चावा बसला तर बोंब कुणाच्या नावानं मारायची? तुम्हीच सांगा. आणि रविवारच्या आधी सांगा. तिथे सगळ्यांदेखत कळलं ना, तर तो माणूस पुन्हा आगारात पाऊल टाकणार नाही. वर्षावर आलीय निवृत्ती.” मग त्या हळूच म्हणाल्या, “नकल्याचं काय झालं, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. नकल्या म्हणजे आगारातला एक ड्रायव्हर, दादाचा जिवाभावाचा दोस्त. कुणाच्या तरी निरोपसमारंभात त्याने सगळ्यांच्या नकला केल्या आणि दादाचीही केली, ओठ आत ओढून, बोळक्यासारखं बोलून. त्याला काही कळलं होतं की सहज केलं, देव जाणे. त्या दिवसापासून दादाने त्याच्याशी बोलणं टाकलं. नकल्याची गाडी फलाटाला लागली की दादा इतरांना मिळते तशी वेळेवर शिट्टी देई. बाकी एक शब्द नाही, इतक्या वर्षांत. आगारात सगळे म्हणत, नकल्याला नुसती शिट्टी मिळते.

धाकटा मनात म्हणाला, आपण काय शिट्टीच्या लायकीचे? आपल्याला तेवढीही मिळणार नाही.

मग सुरू झालं ते असं, की सांगायला तोंड उघडावं आणि दादाने भलतंच काही आनंदाने बोलावं. एकदा तो जेवताना म्हणाला, “दादा, त्या गोष्टीत ना...” तर दादा म्हणाला, “आत्ता सांगू नकोस! मी तिथेच ऐकणार. मजा घालवू नकोस.” एकदा धाकटा मुद्दाम आगारात गेला. दादाने त्याला केबिनमध्ये नेऊन बसवलं आणि येईल त्याला दाखवलं, “हा आमचा लेखक.” एक कंडक्टर म्हणाला, “दातवाले, आमच्या साहेबांवर लिहा की एकदा! पण त्या वाकड्या दाताशिवाय नको हां, नाहीतर आम्ही ओळखणार कसं?” केबिन हसली. दादाही हसला. धरलं तर चावतं नि सोडलं तर पळतं, अशी गत. अन्न गोड लागेना. लॅबमध्ये मागच्या खोलीत गेला की फळ्यांवरचे जबडे त्याच्याकडे बघून हसताहेत असं वाटायला लागलं. आजवर ज्यांची सोबत वाटायची, त्यांच्याकडे पाठ करून तो काम करू लागला.

शनिवारी दुपारी खालचं दुकान बंद झालं. धाकटा हात धूत होता, एवढ्यात मागच्या जिन्यावर ओळखीची पावलं वाजली.

“ढिली झालीय,” दादा दार लोटून म्हणाला. “उद्या तुझी गोष्ट ऐकताना जोरात हसायला आलं तर? पुढच्या रांगेत आहोत. नीट घट्ट करून दे.”

त्याने पाठ वळवली, कवळी काढली, ओट्यावर ठेवली, रुमाल तोंडावर घेतला आणि स्टुलावर बसला.

धाकट्याने कवळीच्या आतून गुलाबी मसाल्याचा नवा थर भरला. ती दादाकडे दिली, दादाने भिंतीकडे तोंड करून ती दाबून धरली, परत दिली. थर घट्ट व्हायला कोमट पाण्याच्या वाडग्यात ठेवली. आता थांबणं होतं. दादा रुमालावरून बघत होता. धाकट्याच्या मनात आलं, हीच वेळ आहे. आता दादाला बोलता येणार नाही. ओरडायचं असेल तर त्याला आधी दात लागतील, आणि दात माझ्या हातात आहेत. विचार करून त्याची त्यालाच लाज वाटली, पण वेळ हीच होती.

तरी तोंडाकडे बघून सांगायचं धाडस होईना. कवळी वाडग्यातून काढून तो मोटरपाशी गेला, बटण दाबलं, कापडाचं चाक गरगर फिरायला लागलं. चाकाकडे तोंड करून, पाठ दादाकडे ठेवून, कडा घासता घासता तो म्हणाला:

“दादा, ती गोष्ट तुझी आहे. तुझ्या दाताची.”

या कामातली पहिली शिकवण अशी की मोटर चालू असताना बोलू नये. कवळी चाकावर जरा कललेली धरली की चाक ती हातातून हिसकावून घेतं. धाकटा नव्या पोरांना हे सांगत आला होता. त्याच्या स्वतःच्या हातून हे कधी झालं नव्हतं. आज झालं. एक टक्क आवाज आला, कवळी भिंतीवर जाऊन आदळली आणि खाली पडली. मधोमध दुभंगलेली.

धाकट्याने मोटर बंद केली. मागे वळायची त्याची हिंमत होईना. शेवटी वळला. दादा स्टुलावरून उठून उभा होता. रुमाल तोंडावरच होता. रुमालावरचे डोळे धाकट्याने लहानपणी एकदाच तसे पाहिले होते, वडिलांना नेलं त्या दिवशी.

“दादा, मी जोडतो. अर्ध्या-पाऊण तासात जुळेल. काही कळणार नाही,” तो बोलत सुटला. “आणि उद्याचं... मी नाव मागे घ्यायला फोन केला होता. छापून गेलंय. दुसरा कुणी वाचणार, मी नाही वाचली तरी. मी सांगणार होतो तुला, रोज सांगणार होतो...”

दादाने हात वर केला. आगारात गाडी थांबवायला करतो तसा. मग बोट धाकट्याकडे केलं आणि हवेत पान उलटल्यासारखं फिरवलं.

वाच.

कागद घरी होते. पण गोष्ट त्याला पाठ होती. दोन्ही तुकडे मेणाने जुळवून, मसाला भरत भरत, मान वर न करता त्याने ती म्हणून दाखवली. मुकादमाची, त्याच्या शिट्टीची, वाकड्या दाताची. धाकट्या भावाने माप घेतलं, त्याची. आणि मग ती जागा आली ज्यासाठी त्याने सगळं लिहिलं होतं. दात काढल्यावर मुकादम पहिल्यांदा भावासमोर तोंड उघडतो, आणि आत त्याला आपल्या म्हाताऱ्या आईचं तोंड दिसतं, तिच्या शेवटच्या दिवसातलं. भावाला हसू येत नाही, कीवही येत नाही. त्याला भीती वाटते. ज्याला आपण छप्पर समजत होतो ते एक माणूस आहे, आणि माणूस म्हातारा होतो, आणि एक दिवस जातो, हे त्याला त्या तोंडात दिसतं. म्हणून तो वाकडा दात जिवाचं रान करून हुबेहूब बसवतो. लोकांना फसवायला नाही. त्याला स्वतःलाच फसायचं असतं.

एवढं म्हणून धाकटा गप्प झाला.

धाकट्याने जुळलेली कवळी उजेडात धरली. उजवीकडे खाच होती. वाकडा दात उडाला होता.

तो गुडघ्यांवर बसून ओट्याखाली शोधू लागला. प्लास्टरची भुकटी, मेणाचे तुकडे, जुनं फडकं. त्याने पिंप सरकवलं. थोड्या वेळाने त्याला जाणवलं की शेजारी आणखी कुणीतरी ओणवं झालंय. दादा खाकी पँटच्या गुडघ्यांनी भुकटीत बसून शेगडीखाली हात घालत होता.

“शापडला का ले?”

धाकटा दचकला. दादाचा रुमाल बाजूला पडला होता. गाल आत गेलेले, वरचा ओठ दुमडलेला, आणि तो बोलला होता. त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. मग आलं. दोघं ओट्याखाली एकमेकांकडे बघत राहिले. दादाने रुमाल उचलला, झटकला आणि पुन्हा तोंडावर धरला.

दात सापडला नाही. धाकट्याने खणातून त्याच रंगाचा, त्याच मापाचा नवा दात काढला.

“तसाच बसवतो,” तो म्हणाला. “वाकडा.”

दादाने त्या दाताकडे नीट पाहिलं. मग त्याने हात पुढे केला, पंजा उभा धरला आणि नाकासमोर सरळ रेषेत पुढे नेला. गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला तो ही खूण करी: चाक सरळ कर.

“सरळ? दादा, लोकांना लगेच कळेल.”

पंजा तसाच राहिला.

धाकट्याने दात सरळ बसवला. दादाने कवळी तोंडात घातली, भिंतीवरच्या आरशात पाहिलं, ओठ मिटले आणि मागच्या जिन्याने उतरून गेला. एक शब्द बोलला नाही. आता तर तोंडात दात होते.

संध्याकाळी जेवताना वहिनींचं लक्ष गेलं. वाढता वाढता त्यांचा हात थांबला, त्यांनी आधी नवऱ्याकडे आणि मग दिराकडे पाहिलं, आणि पुढे वाढायला लागल्या. दादा वहिनींशी पाण्याचं बोलला, पंख्याचं बोलला. धाकट्याशी नाही. रविवारी सकाळी धाकटा उठला तेव्हा दादा कामावर गेलेला होता.

सभागृहाच्या दारात सचिवबाई पुस्तिका वाटत होत्या. आगाराची माणसं आली ती गणवेशातच, लग्नाच्या वऱ्हाडासारखी गलका करत. नकल्याही आला होता. तो अगदी मागे, खांबाजवळ बसला. पुढच्या रांगेत वहिनी होत्या. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. धाकट्याचा नंबर चौथा होता. आधीच्या तिघांनी काय वाचलं ते त्याला एक अक्षर कळलं नाही. तो फक्त त्या खुर्चीकडे बघत होता. ती भरली तरी भीती, नाही भरली तरी भीती.

तिसरी कथा संपता संपता दादा आला. सरळ कामावरून, गळ्यात शिट्टी. पुढच्या दाराने आत शिरून मधल्या वाटेने चालत आला. आगाराच्या माणसांनी त्याच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्यांदा पाहिलं. काहीतरी चुकतंय एवढं त्यांना कळलं, काय ते कळेना. एक जण दुसऱ्याच्या कानाला लागला. दादा खुर्चीत बसला आणि समोर बघू लागला.

“यानंतर,” सचिवबाई म्हणाल्या, आणि धाकट्याचं नाव घेतलं.

तो व्यासपीठावर गेला. कागद उघडले. अक्षरं दिसत होती, पण तोंड उघडेना. सभागृहात कुणीतरी खोकलं. सचिवबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्याला वाटलं, आता आपण इथेच पडणार. मागून एक हसण्याचा आवाज आला. पुढच्या रांगेतही खुसखुस सुरू झाली.

आणि शिट्टी वाजली.

एक लांब, एक आखूड. गाडी सोडायची. सगळं सभागृह दचकलं. दादाने शिट्टी ओठातून काढली आणि हाताची घडी घालून बसला. चेहरा दगडाचा.

धाकट्याने वाचायला सुरुवात केली. ज्या शिट्टीवर गाड्या सुटतात, तिच्यावर तोही सुटला. पण आतून त्याला एकच प्रश्न पोखरत होता: ही शिट्टी भावाला दिलेली होती, की नकल्याला मिळते तसली नुसती शिट्टी? वाकड्या दाताचं वाक्य आलं तसे पुढचे सगळे गणवेश एकदम दादाकडे वळले. नवा सरळ दात, हातातली पुस्तिका, गोष्टीतला मुकादम, सगळं त्यांच्या डोक्यात जुळताना धाकट्याला वरून दिसत होतं. दादा हलला नाही. त्याने तोंडावर हात नेला नाही की रुमाल काढला नाही. कुणी हसलं नाही. आईच्या तोंडाची जागा आली तेव्हा वहिनींनी मान खाली घातली. धाकट्याचा आवाज इतका कापत होता की शेवटचं पान मागच्या लोकांना बहुधा ऐकूच गेलं नाही.

बक्षीस दुसऱ्यालाच मिळालं. धाकट्याला ते संध्याकाळी कुणीतरी सांगितल्यावर कळलं.

बाहेर पायऱ्यांवर गर्दी पांगत होती. आगाराची माणसं दादाजवळ जायला बिचकत होती. रजा मागावी की नाही, हे ओळखायची खूणच गेली होती. धाकटा एका बाजूला, वहिनींच्या आडोशाला उभा राहिला. दादा गर्दीतून सरळ त्याच्याकडे आला.

“मागे काही ऐकू गेलं नाही,” दादा म्हणाला. “आवाज का कापत होता?”

धाकट्याला आधी शब्द ऐकू आले, अर्थ नंतर पोचला. “घाबरलो होतो.”

“कुणाला? परीक्षकांना?”

“तुला.”

दादाने गाल आतून चाचपला. “डोक्यावर हात ठेवला होतास.”

“हो.”

“हं.” त्याने रस्त्याकडे तोंड वळवलं. “नवीन बसवलास तो टोचतोय. उद्या येतो.”

“दार उघडं ठेवतो. मागचं.”

“मागच्या जिन्यात दिवा नाही,” दादा म्हणाला. “म्हातारा माणूस पडायचा एखादा. पुढून येईन.”

वहिनी हसल्या आणि पदराने डोळे टिपू लागल्या. धाकटाही हसला. दादा पायऱ्या उतरायला लागला. उतरताना त्याने कठड्याला हात लावला. तो नेहमी लावतो की आजच लावला, हे धाकट्याला आठवेना. तो घाईने दोन पायऱ्या उतरून दादाच्या शेजारी गेला आणि त्याच्या पावलाबरोबर पाऊल टाकत खाली उतरला.